उंबरावरचा डबा

उदगीरच्या त्या छोट्या चर्चमध्ये तरुण संघाचं शिबिर दरवर्षी भरायचं आणि दरवर्षी त्यात वचन पाठांतराची स्पर्धा असायची. मागच्या वर्षी चौदा पोरं आली. त्यातली नऊ झोपली, तीन बिर्याणी शिजली का ते बघायला गेली, आणि उरलेल्या दोघांत पहिला आणि दुसरा नंबर वाटून दिला. त्यामुळे सोलापूरहून बदलून आलेल्या नव्या पाळकसाहेबांनी यंदा पाठांतर बंद असं सांगितलं, तेव्हा पोरांना पहिल्यांदाच वाटलं, प्रार्थना खरंच कुणीतरी ऐकतं.

पाळकसाहेबांचं नाव शांतवन. वय एकतीस, अंगानं किरकोळ, आणि डोक्यात सतत काहीतरी नवं. फोनवर त्यांनी जिओकॅशिंग नावाचा खेळ बघितला होता. कुठंतरी एक डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश लोकांना द्यायचे, लोकांनी ते आकडे फोनच्या नकाशात टाकून डबा हुडकायचा, आतल्या वहीत आपलं नाव लिहायचं आणि डबा होता तिथं ठेवून द्यायचा. पाळकसाहेबांना या खेळात सगळं शास्त्र दिसलं. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, शेतात पुरलेली ठेव. त्यांच्या मते प्रभूनं अर्धा वेळ लोकांना काही ना काही हुडकायलाच लावलं होतं.

हे काम त्यांनी साक्षीवर सोपवलं. साक्षी सत्तावीस वर्षांची, गावातल्या एका खाजगी जमीन मोजणीवाल्याकडे कामाला. ती चर्चला यायची ती मुख्यतः आईमुळे. आई गायनात पहिल्या ओळीत उभी राहायची आणि कोण आलं नाही ते तिथूनच मोजायची. पण साक्षीकडे मोजणीचं यंत्र होतं. फोन चार-पाच मीटर इकडंतिकडं दाखवतो, साक्षीचं यंत्र दोन बोटांचासुद्धा फरक पडू देत नव्हतं. पाळकसाहेबांनी तिला सांगितलं की देवानं हे वरदान तुला उगीच दिलेलं नाही. साक्षी म्हणाली की ते देवानं नाही, शेठनं दिलंय, आणि शनिवारी संध्याकाळी परत ठेवावं लागतं.

चर्चच्या कमिटीच्या बैठकीत एकच अडचण होती आणि तिचं नाव आनंदराज गुरुजी. अडतीस वर्षं शाळेत शिकवून गुरुजी निवृत्त झाले होते, पण चर्चचे सेक्रेटरी म्हणून अजून रुजूच होते. ते म्हणाले, आता उपवासकाळ लागतोय, आणि तुम्ही पोरांना शेतातून डबे हुडकत फिरवणार? देवाचं वचन झाडाला टांगायचं, ते काय मधाचं पोळं आहे?

"गुरुजी, पुस्तकात हाय तर कुणी उघडून बघंना," साक्षी म्हणाली. "डब्यात घालून बघू."

 मग गुरुजींनी एक अट घातली. प्रत्येक चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव, अध्याय आणि ओवी लिहायची. त्यात तडजोड नाही. साक्षीनं मान डोलावली, आणि चिठ्ठ्या लिहायला बसल्यावर नेमकं तेवढंच गाळलं. अध्याय लिहिला की पोरं फोनवर शोधून उत्तर काढणार, मग डबा हुडकायचा कशाला, असा तिचा हिशोब होता. शास्त्रातली भाषाही तिनं बदलली. जुन्या भाषेतला देव तिला तहसीलच्या नोटिशीसारखा बोलतो असं वाटायचं. तिनं त्याला उदगीरच्या बोलीत बोलायला लावलं.

आता जागा. किल्ल्यात परवानगी मिळणार नव्हती, गावात गर्दी. तेव्हा साक्षीला विरूपाक्ष आठवला.

विरूपाक्ष मोंढ्यातला, म्हणजे धान्याच्या बाजारातला, आडत व्यापारी. पन्नाशी पार, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, आवाज असा की समोरच्या दुकानातला भाव पण त्याच्याच तोंडून कळायचा. उदगीरपासून नऊ किलोमीटरवर निंबाळवाडीला त्याची अकरा एकर जमीन होती. तिला लागूनच त्याचा चुलतभाऊ शरणप्पा याची तेवढीच. दोघांच्या मधे एक बांध, आणि बांधावर मधोमध एक उंबर. या बांधापायी दोन्ही भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. शरणप्पा म्हणायचा, विरूपाक्षानं बांध तीन फूट माझ्याकडं सरकवला. विरूपाक्ष म्हणायचा, यानंच सरकवला, आणि उंबर पण माझाच हाय. कोर्टात दावा चालू होता. सरकारी मोजणी दोघांना पटली नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी खाजगी मोजणी लावली, ती साक्षीनंच केली होती. तिच्या मोजणीत असं निघालं की बांध मुळात वाकडा आहे. वरच्या टोकाला तो दोन फूट इकडं सरकलाय, खालच्या टोकाला दोन फूट तिकडं. कुणी कुणाचं काही घेतलेलं नाही. दोघांनीही ही मोजणी फेटाळली, कारण तिच्यात कुणीच चोर निघत नव्हता.

पण दोघांपैकी कुणापुढंही ती नमली नाही, याचं विरूपाक्षाला तेव्हापासून कौतुक होतं. तो तिला मॅडम म्हणायचा. शेत मागायला ती मोंढ्यात गेली, तेव्हा त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की डब्यात नेमकं काय असणार. ती म्हणाली, चिठ्ठ्या, आमच्या शास्त्रातल्या गोष्टी, आणि शेवटच्या डब्यात चॉकलेट. तो म्हणाला, हरभरा निघालाय, रान मोकळं हाय, खुशाल खेळा. फक्त रानात कोंबडी शिजवायची न्हाई.

ही बातमी पोरांना सांगायची हिंमत पाळकसाहेबांना झाली नाही. बिर्याणीशिवायचं शिबिर म्हणजे त्यांच्या लेखी बायबलमधलं चाळीस वर्षांचं वाळवंट होतं.

फेब्रुवारीतल्या रविवारी, खेळाच्या बरोबर एक आठवडा आधी, साक्षी डबे लपवून आकडे घ्यायला निंबाळवाडीला गेली. यंत्र तिनं शनिवारी परत ठेवलंच नव्हतं. सकाळची उपासना पण बुडाली. देवाचं काम करायला देवळात गैरहजर, असं तिनं आईला सांगितलं आणि आईनं चप्पल शोधेपर्यंत गाडी काढली.

सात डबे होते, स्टीलचे, घट्ट झाकणाचे. महापुरात जहाजातून तरलेल्या नोहाचा डबा तिनं गुरांच्या हौदात तरंगत सोडला. तीन दिवस माशाच्या पोटात राहिलेल्या योनाला मोटारीच्या जुन्या पाइपात घातलं. मागं वळून बघितलं म्हणून जी बाई मिठाचा खांब झाली तिच्यासाठी बुजगावणं आयतंच उभं होतं. त्याच्या सदऱ्यात तिनं डबा खोचला आणि मडक्याचं तोंड मागच्या बाजूला फिरवलं. चौथा डबा उंबरावर. जक्कय नावाचा एक ठेंगू जकातदार होता, लोकांना लुबाडून गबर झालेला. येशू गावात येतोय म्हटल्यावर गर्दीत काही दिसेना, म्हणून तो उंबरावर चढून बसला. येशूनं वर बघितलं आणि त्याला खाली बोलावलं, म्हणाला, आज मी तुझ्याच घरी उतरणार. आणि जकातदाराला इतकं भरून आलं की ज्याचं ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो म्हणाला. मराठवाड्यात या गोष्टीला लागतील तेवढे उंबर होते, आणि विरूपाक्षाच्या शेतात हा एकच. साक्षी फांदीवर चढली, बेचक्यात डबा बसवला, खाली यंत्राची तिपाई लावून आकडे घेतले आणि पुढच्या डब्याकडे गेली.

हे सगळं शरणप्पा बघत होता.

शरणप्पा बासष्ट वर्षांचा. आखाड्यावरच, म्हणजे शेतातल्या घरातच, त्याचं राहणं, बायको कमलम्मा बरोबर. उंचीनं तो पाच फुटांच्या आत होता आणि ही गोष्ट त्याच्यासमोर कुणी काढत नसे. बांधावर मोजणीवाली पोरगी तिपाई लावून उभी, आणि ती पण विरूपाक्षाच्या बाजूनं, एवढं त्याला पुरेसं होतं. भावानं चोरून फेरमोजणी लावली, असं त्यानं धरलं. साक्षीची गाडी दिसेनाशी झाल्यावर तो शिडी घेऊन उंबराखाली गेला. कमलम्मा शिडी धरून उभी राहिली आणि पाय घसरला तर मी एकटी तुला उचलणार न्हाई, असं सांगत राहिली. शरणप्पा वर चढला, डबा काढला, फांदीवर बसूनच उघडला आणि चिठ्ठी वाचली.

चिठ्ठीत लिहिलं होतं: "खाली ये. वर बसून काय बघून राहिलास? आज मी तुझ्या घरी जेवायला येणार हाय. आणि जेवढं लुबाडलं, त्याच्या चौपट परत."

खाली पुढच्या डब्याचे, साक्षीनं आधीच मोजून ठेवलेले अक्षांश-रेखांशाचे आकडे होते, दशांशानंतर सहा-सहा घरं.

शरणप्पा फांदीवर किती वेळ बसून राहिला हे कमलम्मानं पुढं वेगवेगळं सांगितलं. कधी पाव तास, कधी तासभर. त्याला आधी वाटलं, हे कुणीतरी थट्टा केलीय. पण आकडे बघून त्याची खात्री पटली. खोटं बोलणारा माणूस दोन-तीन आकड्यांवर थांबतो, सहा घरांपर्यंत जात नाही. मोजणीत खरं निघालं, विरूपाक्षाच्या मनाला लागलं, आणि तोंडानं कसं सांगायचं म्हणून त्यानं चिठ्ठी ठेवली. भाऊ आज जेवायला येणार. तीन फुटाचे बारा फूट देणार.

कमलम्मानं चिठ्ठी तीनदा वाचली. ती सातवी शिकलेली होती आणि कोर्टाचे कागद तीच वाचायची.

"ह्यात कुणी लुबाडलं ते लिहिलेलं न्हाई," ती म्हणाली. "त्यानं का आपण?"

शरणप्पा म्हणाला की लुबाडणारा स्वतःहून जेवायला येतो का. कमलम्मा म्हणाली की वसुलीला आलेला माणूस पण जेवूनच जातो. या गोष्टीवर नवराबायकोत दुपारपर्यंत वाद चालला, पण वाद घालता घालता तिनं गहू कांडले, गूळ फोडला आणि चुलीवर हुग्गी चढवली. गव्हाची ती घट्ट खीर विरूपाक्षाला लहानपणापासून आवडायची. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि पातेलं पुसून खायचा.

शरणप्पानं अंघोळ केली, भस्म लावलं, धुतलेलं धोतर नेसलं आणि ओट्यावर येऊन बसला. रस्त्यावरून गाडी गेली की तो उठायचा. दोन वाजले, चार वाजले. दिवस मावळायला आला तशी त्यानं टोपी काढून खुंटीला लावली आणि जेवायचं न्हाई म्हणाला. कमलम्मानं पहिल्यांदा काही टोमणा मारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एसटीनं उदगीरला आला आणि थेट मोंढ्यात विरूपाक्षाच्या दुकानासमोर उभा राहिला. सौदे चालू होते. हमाल, शेतकरी, शेजारचे व्यापारी, सगळ्यांना या दोन भावांचं माहीत होतं. आवाज आपोआप खाली आला.

"काल येणार होतास," शरणप्पा म्हणाला. "कमळीनं हुग्गी केलती. दिवसभर वाट बघितली."

अकरा वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. विरूपाक्षाच्या हातातली हरभऱ्याची मूठ तशीच राहिली. त्याला काही कळेना. शरणप्पानं चिठ्ठी पुढं केली. विरूपाक्षानं ती वाचली आणि अक्षर कुणाचं ते लगेच ओळखलं. याच अक्षरातला मोजणीचा कच्चा नकाशा त्यानं रागारागात फाडला होता. मी काही लिहिलेलं नाही, एवढं म्हणणं त्याला सोपं होतं. त्यानं भावाकडं बघितलं. सोमवार असल्यामुळं त्याचा उपास होता आणि पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

"काल जमलं न्हाई, अण्णा," तो म्हणाला. "आज येतो."

शरणप्पा वळून निघून गेला. मग विरूपाक्षानं आतल्या खोलीत जाऊन साक्षीला फोन लावला. तो ओरडला नाही, त्यामुळे ती जास्त घाबरली. तो म्हणाला, मॅडम, तुमच्या येशूनं मला चुलतभावाच्या घरी जेवायला लावलंय. जेवायचं मी बघतो. चौपटीचं तुम्ही येऊन बघा.

साक्षीनं आधी पाळकसाहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं आणि भारावून म्हणाले की हा तर चमत्कार आहे. साक्षीनं विचारलं, चमत्कार असेल तर तुम्ही येता का बरोबर? पाळकसाहेबांना त्या दिवशी लातूरला जायचं होतं.

दुपारी साक्षी आणि विरूपाक्ष त्याच्या मोटरसायकलवर निंबाळवाडीला गेले. रस्त्यात तो म्हणाला की आज माझा सोमवार हाय. साक्षी म्हणाली, मग खाणार कसं? तो म्हणाला, महादेवाला मी सांगतो समजावून, तो आपला घरचाच हाय. अण्णाला समजावणं अवघड.

आखाड्यावर कमलम्मानं पाण्याचा तांब्या दिला आणि विरूपाक्षाला नखशिखान्त बघून घेतलं. केस पांढरे झाले, एवढंच म्हणाली. पानं वाढली. साक्षीला पण बसवलं. कमलम्मानं परत नवी हुग्गी केली होती, वर तूप, बाजूला कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. विरूपाक्ष खाली मान घालून खात होता. घरी साखरेच्या आजारामुळं त्याला गोड बंद होतं; दानम्मा, म्हणजे त्याची बायको, लग्नातसुद्धा त्याच्या पानाला पाळत बसायची. त्यानं तीनदा वाढून घेतलं. शरणप्पा एक घास खायचा आणि भावाकडे बघायचा.

पानं उचलल्यावर शरणप्पानं सुपारी कातरली आणि विषय काढला.

"आता चौपटीचं."

विरूपाक्षानं साक्षीकडे बघितलं.  मोजणीच्या कामात तिनं लोकांना शिव्या देताना, कोयता घेऊन धावताना बघितलं होतं, पण धुतलेलं धोतर नेसलेल्या माणसासमोर, त्याचीच हुग्गी पोटभर खाऊन, खोटं उघडं करायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. तिनं सगळं सांगितलं. चर्चची पोरं, सात डबे, ठेंगू जकातदार, उंबर. हे लिहिणारी मीच, काका. तुमचं नाव मनात पण नव्हतं.

शरणप्पानं सगळं ऐकून घेतलं.

"ठेंगू होता?" त्यानं विचारलं.

"हाव," साक्षी म्हणाली आणि तिला जीभ चावावीशी वाटली. कमलम्मानं पदर तोंडाला लावला.

"मग उतरला का खाली?"

"उतरला."

"आन् चौपट दिलं?"

साक्षीला खरंच आठवेना. तिनं लहानपणापासून ही गोष्ट शंभरदा ऐकली होती. "देईन म्हणाला," ती म्हणाली. "दिलं का ते पुढं लिहिलेलं न्हाई."

"म्हंजे तुमच्याकडं पण तारीखच पडली," शरणप्पा म्हणाला.

कमलम्मा हसली, विरूपाक्ष हसला, साक्षीला हसू आवरेना. शरणप्पा हसला नाही. तो उठून दारात जाऊन उभा राहिला, त्यांच्याकडे पाठ करून, रानाकडे बघत. हसणं थांबलं. साक्षीला तेव्हा समजलं की या माणसानं आदल्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत रस्त्याकडं बघितलं होतं.

"तू न्हाई लिहिलंस ना?" त्यानं न वळता विचारलं.

"न्हाई," विरूपाक्ष म्हणाला.

"मग आलास कशाला?"

"तू बोलवायला आलास म्हणून."

 कमलम्मा म्हणाली, चहा टाकते, आणि चहा झाल्यावर दोघं भाऊ उंबर कुणाचा यावर कानडीत भांडायला लागले. साक्षीला कानडी येत नव्हती, पण अकरा वर्षांचं साठलेलं होतं एवढं तिला कळलं. ती कमलम्माला सांगून गावातल्या थांब्यावर गेली आणि एसटीनं परत आली.

खेळ ठरलेल्या रविवारी झाला. बिर्याणी नाही हे शेवटी साक्षीनंच ग्रुपवर टाकलं आणि तरी सव्वीस पोरं आली. मोंढ्यातली गोष्ट तोपर्यंत सगळ्या उदगीरला माहीत झाली होती आणि अर्धी पोरं उंबर बघायला आली होती. शरणप्पानं एक अट घातली की चौथ्या डब्याच्या चिठ्ठीवर "उंबर, सामाईक" असं लिहायचं. विरूपाक्षानं "सामाईक" नंतर प्रश्नचिन्ह टाकायला लावलं. पोरं फोन हातात धरून ढेकळांतून पळत सुटली. शरणप्पाला खेळाचा नियम पटलाच नाही. पोरं उन्हात हुडकून राहिली आणि आपल्याला जागा माहीत असून सांगायचं न्हाई, हे त्याला पाप वाटायचं. तो प्रत्येक टोळीला बोट करून डबा दाखवायचा. मग विरूपाक्ष मागून येऊन पोरांना उलटी दिशा सांगायचा. यामुळे पोरांची फार धावपळ झाली आणि खेळ खूप रंगला असं सगळ्यांचं मत पडलं. नोहाचा डबा म्हशीनं हौदातून बाहेर काढून चेपला. मिठाच्या खांबापाशी आनंदराज गुरुजी सावलीत खुर्ची टाकून बसले होते आणि जो येईल त्याच्याकडून वचन म्हणवून घेतल्याशिवाय डब्याला हात लावू देत नव्हते. पाठांतराची स्पर्धा त्यांनी अशी वाचवली.

दुपारी कमलम्मा आणि दानम्मानं मिळून सगळ्यांना जेवायला घातलं. दोघी जावा एका चुलीपाशी बसल्या होत्या आणि नवऱ्यांबद्दल त्यांचं एकमत होतं.

जेवणं झाल्यावर पाळकसाहेब उंबराखाली उभे राहिले. त्यांनी पोरांना सांगितलं की आज आपण हरवलेलं हुडकलं, पण खरी हरवलेली ठेव म्हणजे प्रेम, आणि या झाडाखाली प्रभूनं दोन भावांचं वैर मिटवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागं बसलेला शरणप्पा उभा राहिला.

"साहेब, मिटलं काही न्हाई," तो म्हणाला. "तीन फूट अजून त्याच्याकडंच हायेत. तेवढं लिहून घ्या."

"खालच्या टोकाला बघ, मग कळंल कुणाकडं हायेत," विरूपाक्ष म्हणाला.

पाळकसाहेबांनी लगेच शेवटची प्रार्थना घेतली.

पुढच्या रविवारी त्यांनी साक्षीला उपासनेत साक्ष द्यायला बोलावलं. देवानं तुझ्या चिठ्ठीतून कसं काम केलं ते सांग, तुझं तर नावच साक्षी, असं ते म्हणाले. साक्षी उभी राहिली. आई पहिल्या ओळीतून तिच्याकडे बघत होती. साक्षीनं सांगितलं की चिठ्ठीवर अध्याय आणि ओवी लिहायची असं गुरुजी म्हणाले होते, मी ती गाळली, त्यामुळे एक म्हातारा माणूस धुतलेलं धोतर नेसून दिवसभर वाट बघत बसला. मला त्याची माफी मागायची होती ती मी मागितली. देवाचं मला माहीत नाही. एवढं बोलून ती बसली.  आनंदराज गुरुजींनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. त्यांच्या उभ्या आयुष्यात कुणी इतकी चांगली साक्ष दिलेली नव्हती.

दाव्याचं म्हणाल तर तो अजून चालू आहे. तारखेच्या दिवशी विरूपाक्ष सकाळी निंबाळवाडीला जातो आणि शरणप्पाला मोटरसायकलवर मागं बसवून कोर्टात आणतो, एसटीचा भरवसा नाही म्हणून. दोघांचे वकील यावर नाराज आहेत. साक्षीला ते एकदा रेल्वे फाटकापाशी दिसले. फाटक बंद होतं, मालगाडी जात होती, आणि शरणप्पा भावाच्या खांद्यावरून पुढं वाकून, हातवारे करून त्याला काहीतरी समजावत होता. विरूपाक्ष मान हलवत होता, न्हाई म्हणून. गाडी गेली, फाटक उघडलं. त्यानं मागं हात नेऊन शरणप्पाचं सुटलेलं धोतर चाकात जाऊ नये म्हणून वर खोचलं, आणि वाद तसाच चालू ठेवून गाडी पुढं काढली.